कोणाच्या हातचा चहा?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दरवर्षी नाताळच्या सुमारास मराठी वर्तमानपत्रांत पुण्यातल्या चर्चचे फोटो येतात. कॅम्पातली रोषणाई, गव्हाणीचा देखावा, मेणबत्त्या लावणारी लहान मुलं. फोटो छान असतात आणि आम्हा ख्रिस्ती वाचकांना ते पाहून बरं वाटतं. पण त्या गर्दीतला एखादा माणूस पुढच्या रविवारी, रोषणाई उतरल्यावर, एकटाच चर्चच्या दारात येऊन उभा राहिला तर त्याचं पुढे काय होतं, त्याविषयी मला लिहायचं आहे. माझं म्हणणं मुख्यतः माझ्याच समाजाला उद्देशून आहे. तरी ते आपल्या वर्तमानपत्रात यावं असं वाटतं, कारण चर्चच्या सभेत हा विषय काढला की तो इतिवृत्तातल्या दोन ओळींत संपतो. शिवाय दाराबाहेर उभा असलेला माणूस आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, पत्रकं वाचत नाही, वर्तमानपत्र वाचतो.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरी सरकारी रुग्णालयात झाली. माहेर नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं, नेवासा तालुक्यातलं; लग्न होऊन पुण्याच्या पूर्वेकडच्या पेठांत आले ती इथलीच झाले. आमची मंडळी मराठी, प्रॉटेस्टंट. तिचं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की पुढच्या मजकुरातली माणसं ओळखू येतील. आणि हे काही एका मंडळीचं दुखणं नाही. स्त्रियांच्या मेळाव्यांत वेगवेगळ्या चर्चमधल्या बायका भेटतात, त्यांच्यातल्या प्रत्येकीकडे अशी एखादी गोष्ट असतेच.

रविवारी उपासना संपली की पाळकसाहेब दारात उभे राहून एकेकाला सलाम करतात आणि अंगणात चहा असतो. नव्या माणसासाठी सगळ्यात अवघड वेळ हीच. आत सगळं ठरलेलं असतं. कधी उभं राहायचं, कधी बसायचं, कोणतं गीत, कोणता वेचा. शेजारच्याकडे पाहून निभावून नेता येतं. अंगणात आल्यावर मात्र चहाचा कप घेऊन कोणाजवळ उभं राहायचं हे कोणी सांगत नाही. मग कोणीतरी येतं आणि विचारतं: कुठले तुम्ही? गाव कोणतं? आडनाव काय? आधी कोणत्या मंडळीत होतात, सभासदत्वाचं पत्र आणलंय का?

विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, असं आमच्यात म्हणतात. काही वेळा खरंच नसतं. पण महाराष्ट्रात गाव आणि आडनाव कळलं की पुढचं विचारावं लागत नाही. उत्तर मिळालेलं असतं, आणि त्या उत्तराप्रमाणे चहाभोवतीचा घोळका थोडा सरकून जागा करतो किंवा करत नाही.

हे स्पष्ट लिहायला हवं. मराठी ख्रिस्ती म्हटलं की बाहेरच्या वाचकाला पंडिता रमाबाई आठवतात, रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई आठवतात, फार तर नीळकंठशास्त्री गोऱ्हे. ही सगळी ब्राह्मण घरांतून आलेली माणसं. बाकांवर बसणारी आम्ही बहुतेक माणसं मात्र महारवाड्या-मांगवाड्यांतून आलेल्या घरांतली आहोत. माझंही घर त्यातलंच. ज्या गावात आमच्या पूर्वजांना विहिरीवर चढू देत नव्हते, त्याच गावात मिशनच्या शाळेत त्यांना बाकावर बसवलं. त्या बाकाचे आम्ही वारसदार. आज पक्क्या घरात राहतो, मुलं इंजिनिअर झाली, आडनावं बदलली किंवा इंग्रजी वळणाची झाली. आणि आता आमच्यानंतर, आमच्याच वाटेने कोणी आलं, की आम्ही त्याचं गाव विचारतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातलं एक जोडपं आमच्याकडे येऊ लागलं. नवरा वाघोलीकडे सेंट्रिंगच्या कामावर, बायको त्याच साइटवर. दोन मुली. बसने यायचे, मागच्या बाकावर बसायचे, आशीर्वाद झाला की निघायचे. बाईचा आवाज मोठा आणि गोड. भजनाच्या चालीचं गीत असलं की मागून तिचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू यायचा आणि पुढच्या बाकांवरच्या दोघी-तिघी मान वळवून पाहायच्या. त्या पाहण्यात कौतुक होतं की नापसंती, हे मागे बसलेल्या माणसाला लगेच कळतं.

मग हंगामाचा सण आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: या दिवशी लोक धान्य, भाजी, भोपळे, नारळ, क्वचित कोंबडीसुद्धा चर्चमध्ये आणतात, उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो, आणि बायका घरून पदार्थ करून आणतात. लांब टेबल मांडलं होतं. पुलाव, कटलेट, केक, बटाटेवडे. बीडच्या त्या बाईने स्टीलच्या डब्यातून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. पहाटे उठून, पत्र्याच्या खोलीत चुलीवर भाजलेली. डबा टेबलाच्या टोकाला ठेवला आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. टेबलावरचं सगळं संपत आलं. कटलेटच्या ट्रेमध्ये चुरा उरला. त्या डब्याचं झाकण कोणी काढलं नाही.

कोणी ठरवून टाळलं असेल असं मी म्हणत नाही. कोणी कोणाला खूण केली नाही, कोणी काही बोललं नाही. म्हणूनच ते इतकं वाईट होतं. ठरवून केलेली गोष्ट निदान जाब विचारून थांबवता येते.

आमच्या मंडळीत ऐंशी ओलांडलेल्या एक बाई आहेत. जुन्या काळच्या बायबल शिक्षिका, काठी टेकत चालतात. त्या टेबलापाशी गेल्या, त्यांनी डबा उघडला आणि बाईला हाक मारली, "बाळे, हे तुझे का? मला दे बरं एक, तुझ्या हाताने दे, चटणी लावून." तिथेच खुर्ची ओढून बसल्या, खाल्लं, दुसरं मागितलं. मग म्हणाल्या, "आमच्या जालन्याला असेच करायचे." पाच मिनिटांत डबा रिकामा झाला. आणि पुढच्या रविवारी त्यांनीच पाळकसाहेबांना सांगून या बाईला चहाच्या गटात घातलं.

मला जे म्हणायचं आहे ते या प्रसंगात सगळं आलं. आम्ही सगळे चर्चवाले स्वागताबद्दल फार बोलतो. फाटकावर सुस्वागतमची पाटी असते, नव्यांना उभं करून टाळ्या वाजवतात, गुलाबाचं फूलही देतात. या सगळ्यात देणारे आम्ही आणि घेणारा तो. आपल्या देशात देणं कधीच अवघड नव्हतं. वरून ओंजळीत पाणी ओतणारेही देतच होते. अवघड होतं ते घेणं. नव्या माणसाला चहा दिला का, हे विचारून काही कळत नाही. त्याच्या हातचा चहा आपण प्यायलो का, हे विचारा.

पुण्याला हे नव्याने सांगायला नको. १८९० साली पंच हौद मिशनमध्ये, आपल्या गुरुवार पेठेत, शहरातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी नुसता कप हातात धरला. ज्यांनी हे जुळवून आणलं त्या गोपाळराव जोशींनी नंतर हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि शहर पेटलं. ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानड्यांसारख्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावं लागलं. सगळा गहजब एका कप चहाचा, कारण तो मिशनऱ्यांच्या हातचा होता. मिशनचं चर्च आणि त्याचा उंच घंटामनोरा आजही तिथे उभा आहे. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर महात्मा फुल्यांचा वाडा आहे. फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आमच्या संडे स्कूलच्या मुलांना मी या दोन्ही जागा दाखवून आणते. मुलं विचारतात, नुसत्या चहासाठी? हो, नुसत्या चहासाठी.

शुभवर्तमानात हेच आहे. योहानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू दमून विहिरीवर बसतो आणि शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. यहुदी माणसाने शोमरोनी माणसाच्या भांड्यातलं पाणी प्यायचं नाही अशी रीत होती, म्हणून ती बाईही चकित होते. जिवंत पाण्याची गोष्ट नंतर येते. आधी तो तिच्याकडे मागतो. जक्कय या जकातदाराच्या गोष्टीतही तसंच: त्याला जेवायला बोलावलं नाही, मी तुझ्या घरी उतरणार म्हणून सांगितलं. आमच्या व्यासपीठांवरून या दोन्ही वेच्यांवर इतकी प्रवचनं झाली आहेत, पण भर नेहमी त्या बाईच्या पापावर आणि जक्कयाच्या पैशांवर. प्रभूने मागितलं, आणि कोणाकडे मागितलं, यावर एखादं प्रवचन ऐकायची माझी इच्छा आहे.

लक्ष्मीबाई टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. पण त्याआधीच त्यांनी सोवळं मनातून उतरवून ठेवलं होतं, कोणाच्याही हातचं खाईन-पिईन असं ठरवलं होतं. त्यांच्या आयुष्यातला क्रम मला फार शिकवतो. आमच्याकडे तो उलटा आहे: बाप्तिस्मा कधीच होऊन गेला, हातचं खाणं अजून ठरायचं आहे.

हाताला काम देण्याची गोष्टही याच्याशीच जोडलेली आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणि बायका आणल्या आणि केडगावला वसवल्या. हाडांचे सापळे झालेल्या त्या मुलींना अन्न-वस्त्र दिलं हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांना कामाला लावलं हे कमी सांगितलं जातं. त्या विणायला शिकल्या, शेती बघायला लागल्या, छापखान्यात खिळे जुळवायला बसल्या. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांच्या हातांनी छापलं गेलं. अंध मुलींसाठी त्यांच्या मुलीने, मनोरमाबाईंनी, ब्रेल आणलं. जगाने टाकून दिलेल्यांच्या हाती रमाबाईंनी संस्थेतलं सगळ्यात मोलाचं काम दिलं. केडगाव आमच्यापासून दौंडच्या लोकलने जाण्याइतकं जवळ आहे आणि आमच्या सहली तिथे जातात. तिथून परत येऊन आम्ही नव्या बाईला गायनात घ्यायचं की नाही यावर तासभर वाद घालतो.

तो वाद झाला, खरंच झाला. बीडच्या त्या बाईला गायनमंडळात घ्यावं असं गायनमंडळाच्या मास्तरांनीच सुचवलं, आवाजासाठी. हरकत अशी आली की तिचं नाव रजिस्टरात नाही. नाव नाही, कारण त्या दोघांनी बाप्तिस्मा घेतलेला नाही. आणि का घेतला नाही, हे विचारण्याची तसदी हरकत घेणाऱ्यांनी घेतली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला आजही मिळत नाही. त्या बाईच्या थोरल्या मुलीला नर्सिंगला जायचं आहे. बाप्तिस्मा झाला की तिचा दाखला, शिष्यवृत्ती, वसतिगृह, सगळंच धोक्यात येतं. ही माणसं दर रविवारी दोन बस बदलून येतात, प्रार्थना करतात, दशांशसुद्धा देतात. त्यांच्या श्रद्धेची परीक्षा घेणारे आपण कोण? आपल्यातल्या कित्येक घरांनी हाच हिशेब मागच्या पिढीत केला आहे. तो कागदांवर दिसतो, मी इथे उघड करणार नाही.

प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, कोणाला द्यावं हा शास्त्राचा आणि पाळकांचा विषय आहे. तिथे मी ढवळाढवळ करत नाही. पण गाणं म्हणायला, शास्त्रवाचन करायला, फुलं मांडायला, चहा करायला रजिस्टर कशाला लागतं? रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसवलं. त्यांचे अभंग आम्ही दर रविवारी गातो. ज्यांना ते दरबारात बसवत होते त्यांना आम्ही गायनमंडळाबाहेर ठेवतो, हे मला पटत नाही आणि मी ते सभेत बोलले आहे. बाई आता गायनात आहे. पाठिंबा एका मताने जास्त मिळाला.

दुसरी एक गोष्ट सांगते, ही आनंदाची आहे. आमच्याकडे एक स्वमग्न मुलगा आहे, आता सोळा-सतरा वर्षांचा. लहानपणी तो प्रवचनात आवाज करायचा, टाळ्या वाजवायचा, उठून फिरायचा. त्याची आई त्याला घेऊन व्हरांड्यात बसायची. पावसाळ्यात छत्री धरून बसलेली मी पाहिली आहे. कोणी तिला बाहेर जा म्हणालं नाही. फक्त माना वळायच्या आणि कोणीतरी घसा खाकरायचं. मग एका तरुणाच्या लक्षात आलं की मुलाला आकड्यांचं वेड आहे. भिंतीवर गीतांच्या क्रमांकाचा लाकडी फळा असतो, त्यात आकड्यांच्या पाट्या सरकवाव्या लागतात. ते काम त्याला दिलं. आता उपासनेच्या अर्धा तास आधी तो येतो, पाळकसाहेबांकडून चिठ्ठी घेतो, पाट्या लावतो, पुसतो. चिठ्ठीतला क्रमांक आणि पुस्तकातलं गीत जुळत नसेल तर पाळकसाहेबांना तसं सांगतो, आणि तो म्हणतो ते बरोबर असतं. आवाज तो अजूनही करतो. आता कोणी मान वळवत नाही, कारण तो 'आवाज करणारा मुलगा' राहिला नाही, फळा लावणारा झाला. आई पुढून तिसऱ्या बाकावर बसते.

चर्चच्या दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी लागणाऱ्या उताराबद्दल थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व मान्य केलेलं आहे आणि सार्वजनिक जागी सुगम्यता असावी असं त्यात आहे. चर्चच्या समित्या हा कायदा ऐकून उतार बांधतात, पण गवंड्याला जागा असेल तेवढ्यात बसवायला सांगतात. चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा हे प्रमाण लागतं. दीड फुटाचा चौथरा असेल तर उतार अठरा फूट लांब हवा. पाच फुटांत बांधलेला उतार हा सामान ओढायला बरा पडतो, माणसाला नाही. मी आयुष्यभर चाकाच्या खुर्च्या आणि स्ट्रेचर ढकलले आहेत, म्हणून हे ठामपणे सांगते. आणि उतार झाला तरी प्रश्न उरतोच: खुर्चीवरची व्यक्ती व्यासपीठावर चढून शास्त्रवाचन करू शकते का? नसेल तर वाचनाचा स्टँड खाली आणा. त्याला खर्च काहीच नाही.

भाषेचा प्रश्न मी फार वाढवत नाही. पुण्यात मराठी, इंग्रजी, हिंदी, तमिळ, मल्याळम अशा निरनिराळ्या उपासना होतात आणि प्रत्येकाला आपल्या भाषेत प्रार्थना करावीशी वाटणं स्वाभाविक आहे. ईशान्येकडून शिकायला आलेली मुलं मराठी उपासनेला सहसा येत नाहीत, पण गिटार वाजवायला बोलावलं की येतात, आणि नंतर तशीही येतात.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना मला त्रास होतो. एका नाताळच्या सकाळी एक तृतीयपंथी व्यक्ती आमच्या चर्चमध्ये आली. नीट नेसलेली पांढरी साडी, केसांत गजरा. दारावरच्या स्वयंसेवकाने खिशातून दहाची नोट काढून तिच्या हातावर ठेवली आणि बाजूला व्हायची खूण केली. त्याला वाटलं, सणाची मागायला आली. ती काही बोलली नाही. आत आली, शेवटच्या बाकाच्या कडेला बसली, सगळी उपासना ऐकली. दानाची थैली तिच्यापर्यंत गेली तेव्हा तीच दहाची नोट तिने थैलीत टाकली, आणि पर्समधून काढून आणखी काही. आशीर्वादाच्या आधी उठून गेली. पुन्हा आलेली नाही.

प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. कूशी, म्हणजे इथिओपियाचा, षंढ रथात बसून यशया वाचतो आहे, फिलिप्प त्याच्या शेजारी जाऊन बसतो. वाटेत पाणी लागतं तेव्हा तो विचारतो, माझा बाप्तिस्मा व्हायला काय अडचण आहे? फिलिप्पाने अडचणी सांगितल्या नाहीत. मी रुग्णालयात असताना तृतीयपंथी रुग्णांना पुरुषांच्या वॉर्डात ठेवायचं की बायकांच्या, यावर त्यांना ताटकळत ठेवलेलं पाहिलं आहे, तापाने फणफणलेल्या अवस्थेत. निदान देवाच्या घरी तरी त्यांना दारात थांबावं लागू नये. आमच्यातल्या काहींना या विषयावर शास्त्राचा अर्थ वेगळा दिसतो हे मला माहीत आहे. त्यांच्याशी मी वाद घालायला तयार आहे, पण बाकावर शेजारी बसवून घेतल्यानंतर.

आणि एक अडचण मी प्रामाणिकपणे मान्य करते. सध्याच्या दिवसांत अनोळखी माणूस आत आला की आमच्यातल्या कित्येकांच्या मनात धाकधूक होते. हा कोण, कशासाठी आला, मोबाइलवर काही चित्रण तर करत नाही ना, उद्या धर्मांतराचा आरोप तर येणार नाही? ही भीती काल्पनिक नाही आणि तिच्यासाठी मी कोणाला दोष देत नाही. पण भीतीपोटी आपण दारावर चौकीदारासारखे उभे राहू लागलो तर आधी परत जाईल तो साधा, दुःखी, प्रार्थनेसाठी आलेला माणूस. ज्याला खोड काढायची आहे तो आडनाव खोटं सांगून आत येईलच.

या शहराने आमच्यावर एवढा संशय घेतला नव्हता. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च, कॅथलिकांचं, पुण्यातलं सगळ्यात जुनं, ते सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ च्या सुमारास उभं राहिलं, पेशव्यांच्या सैन्यातल्या ख्रिस्ती शिपायांना प्रार्थना करता यावी म्हणून. त्यांचा धर्म वेगळा आहे हे पेशव्यांना माहीत होतं. जागा तरीही दिली.

म्हणून आपल्या इतर वाचकांनाही सांगते. नाताळला फाटकापाशी येऊन पुष्कळ जण विचारतात, आत आलं तर चालतं का? चालतं. रविवारीही चालतं. मागे बसलात तरी चालेल, गाणी येत नसतील तर नुसतं ऐकलंत तरी चालेल, कोणी तुम्हाला कसला फॉर्म भरायला देणार नाही. एखाद्या घरी मृत्यू झाला आहे, मूल आजारी आहे, नवऱ्याने सोडलं आहे आणि नातेवाईक तोंड फिरवतात, अशा वेळी माणसाला कुठेतरी शांत बसावंसं वाटतं. आमच्या अंगणात कोणी तुमचं गाव विचारलं तर तुम्ही उत्तर द्यायला बांधील नाही.

येत्या वार्षिक सभेत मी आमच्या मंडळीपुढे ठराव मांडणार आहे. चहाची पाळी दर महिन्याला बदलावी आणि प्रत्येक पाळीत मंडळीत येऊन वर्ष न झालेलं एक तरी घर असावं. शास्त्रवाचन, गायन आणि संडे स्कूलमधल्या मदतीसाठी सभासदत्वाचं पत्र मागू नये. दारावरच्या स्वयंसेवकांनी आधी आपलं नाव सांगावं, मग समोरच्याचं विचारावं, आणि आडनाव, गाव, आधीची मंडळी हे ज्याचं त्याने सांगितलं तर ऐकून घ्यावं. उताराचं काम एकास बाराच्या प्रमाणात पावसाळ्याआधी पूर्ण व्हावं. अनुमोदक म्हणून बायबल शिक्षिका बाईंनी सही केली आहे, गायनमंडळाच्या मास्तरांनीही केली आहे. अजून काही सह्या हव्या आहेत. आमच्या मंडळीतल्या ज्यांच्या हाती हे पत्र पडेल त्यांनी उपासनेनंतर मला भेटावं. पुण्यातल्या किंवा बाहेरच्या इतर मंडळ्यांना आपल्या सभेत हाच ठराव मांडायचा असेल तर शब्दशः घ्यावा. माझ्या परवानगीची गरज नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
रास्ता पेठ, पुणे
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)